वसंतात फुलणाऱ्या झुडपांची छाटणी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मोगरा, बोगनवेल, पेट्रिया (निळ्या-जांभळ्या तुऱ्यांची वेल), माधवीलता, अनंत, चाफा. फेब्रुवारीच्या शेवटापासून पाऊस पडेपर्यंत घरोघरी फुलणारी ही झाडं, आणि दरवर्षी त्यांच्याबद्दल दोनच प्रश्न फिरून फिरून येतात. एक, "कधी छाटू?" आणि दुसरा, "छाटलं तर यंदा फुलंच आली नाहीत, असं का?" दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, ते म्हणजे ते झाड कळी कुठल्या फांदीवर धरतं. तेवढं कळलं की बाकीचं सगळं सोपं आहे. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः महाराष्ट्रातल्या हवेसाठी आहे, बाहेरच्या लोकांसाठी शेवटी एक प्रश्न आहे.

छाटणीचा एक महिना सांगा ना, सगळी झाडं एकदमच उरकून टाकतो.

नका हो असं करू. फुलं न येण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्याला बोलावलं, त्याने दोन तासात अख्खी बाग एका मापात कापली, अंगण स्वच्छ दिसलं आणि मार्चमध्ये पेट्रियाला एक तुरा नाही.

झाडांचे ढोबळ दोन गट करा. पहिल्या गटात नवीन फुटीवर फुलणारी, म्हणजे छाटल्यावर जो कोवळा फुटवा येतो त्याच्याच टोकाला कळी येते. मोगरा, बोगनवेल, मधुमालती, जास्वंद, कण्हेर ही सगळी यात. यांना बहराच्या आधी छाटायचं. दुसऱ्या गटात आदल्या पावसाळ्यात वाढून पक्व झालेल्या फांदीवर फुलणारी. पेट्रिया, माधवीलता, ते जांभळं-पांढरं यस्टरडे टुडे टुमारो, बऱ्याच अंशी अनंतसुद्धा. यांना बहर संपल्या संपल्या छाटायचं, म्हणजे पुढची फांदी तयार व्हायला त्यांना अख्खा पावसाळा मिळतो.

पण माझं झाड कुठल्या गटातलं ते ओळखायचं कसं? नाव पण माहीत नाही.

नाव माहीत नसलं तरी चालतं. झाड फुललेलं असताना जवळ जा आणि एक फुललेली फांदी हातात धरून टोकाकडून बुंध्याकडे बघत या. फूल ज्या काडीवर आहे ती हिरवी, लवचिक, नखाने सहज ओरखडा उठेल अशी असेल तर ती यंदाची फूट. काडी तपकिरी, कडक, सालीवर बारीक रेघा किंवा ठिपके आलेली असेल आणि फूल थेट तिच्यातून किंवा तिच्यावरच्या इवल्याशा देठातून आलेलं असेल तर ती जुनी फांदी. एक वर्ष एवढं बघून मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, तारीख आपोआप राहतेच.

तरीही शंका असेल तर बहर संपल्यावर लगेच छाटा. घरगुती बागेत तोच सगळ्यात कमी नुकसानीचा मार्ग आहे.

मोगरा कधी आणि किती छाटायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर सांगते.

मोगऱ्याची कळी नवीन फुटव्याच्या टोकाला येते, बहुतेक वेळा तीन-तीनच्या झुपक्यात, मधली आधी उमलते आणि बाजूच्या दोन मागून. म्हणजे जितके नवीन शेंडे तितके झुपके. न छाटलेल्या मोगऱ्याला शेंडे मोजकेच असतात, ते लांबत जातात आणि टोकाला चार फुलं येतात. फांदीचा शेंडा ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार करतो आणि ते खाली उतरून खालच्या डोळ्यांना, म्हणजे पेरावर जिथून नवीन फूट येते त्या जागांना, झोपवून ठेवतं, शेंडा कापला की ते डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या जागी दोन-तीन फुटतात. छाटणीचं सगळं गणित एवढंच आहे.

वेळ: डिसेंबर मध्य ते जानेवारी अखेर, संक्रांतीच्या आगेमागे केली तर उत्तम. पालघर जिल्ह्यात जव्हार, विक्रमगडकडे मोगऱ्याची शेती होते, आणि शेतकरी मोगऱ्याला करतात तीच पद्धत आपण घरी छोट्या प्रमाणात करायची. आधी ताण द्यायचा, म्हणजे छाटणीच्या दोन-तीन आठवडे आधीपासून पाणी कमी करत आणायचं. जमिनीतल्या झाडाचं जवळजवळ बंद, कुंडीतल्याचं इतकंच की झाड मान टाकणार नाही. पानं पिवळी पडून गळायला लागतात, घाबरू नका, तेच हवंय. मग छाटायचं.

किती: जमिनीतला मोगरा गुडघ्याएवढा ठेवा, साधारण दीड फूट. कुंडीतला मातीपासून दीड-दोन वीत. मेलेल्या काड्या, एकमेकींवर घासणाऱ्या काड्या, आत वळलेल्या आणि पेन्सिलीच्या निम्म्याही जाड नसलेल्या किरकोळ काड्या मुळापासून काढा. राहिलेली पानं हाताने खुडून टाकली तरी चालतात. झाड अगदी बोडकं, काटक्यांचा जुडगा दिसेल आणि घरातले म्हणतील काय केलंस हे. दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक पेरातून लालसर हिरवे डोळे वर आलेले दिसतात.

मग आळं उकरून खत, भरपूर पाणी, आणि दिवसाला निदान पाच-सहा तास थेट ऊन. छाटणीपासून दोन-अडीच महिन्यांनी कळ्या धरतात, म्हणजे मार्चच्या सुमारास सुरू. बटमोगरा, मोतिया, हजारी, मदनबाण, सगळ्यांना हीच पद्धत, फक्त बटमोगरा मुळातच बुटका आणि सावकाश वाढणारा असतो तर त्याला जरा हलक्या हाताने छाटा.

जानेवारीत राहून गेलं, आता मार्च उजाडला आणि शेंड्याला कळ्या दिसतायत. आता छाटू का?

आता नको. कळ्या आल्यात तर त्या फुलू द्या. पहिला बहर ओसरला की ज्या काडीवरची फुलं संपली तिला फुलाच्या झुपक्याखालच्या दुसऱ्या पानजोडीपर्यंत कापा, महिन्या-दीड महिन्यात त्याच काडीच्या दोन फुटी होऊन परत कळ्या येतील. मोठी छाटणी पुढच्या डिसेंबरात.

पहिला बहर भरघोस आला, मग एकदम थांबला. सीझन संपला का?

संपला नाही. मोगरा लाटा-लाटांनी फुलतो. वाळलेली तपकिरी फुलं झुपक्यावर तशीच लटकत राहिली असतील तर ती आणि त्याखालची एक पानजोडी खुडून टाका. हे काम कात्रीशिवाय होतं, अंगठा आणि तर्जनीने, सकाळी पाणी घालताना. त्याबरोबर थोडं गांडूळखत. मार्च ते जूनपर्यंत असे दोन-तीन बहर नीट मिळतात.

गजऱ्यासाठी कळ्या तोडताना देठासकट तोडल्या तरी काही बिघडत नाही, उलट चांगलंच.

कळ्या उमलायच्या आधीच जांभळट पडतायत, भोकं दिसतायत, जाळीने चिकटल्यात असं असेल तर ती कळी पोखरणारी अळी आहे, छाटणीचा संबंध नाही. तशा कळ्या तोडून कचऱ्यात टाका, झाडाखाली टाकू नका, आणि लिटरला पाच मिली निंबोळी तेल, थोडं साबणाचं पाणी घालून, संध्याकाळी फवारा.

मोगऱ्याला लांबच लांब वेलीसारख्या फांद्या येतात, कळी एक नाही. बी खराब आहे का?

मोगरा आपण बियांपासून लावत नाही, कलमापासूनच लावतो, तर बियाण्याचा प्रश्न नाही. बहुतेक वेळा ऊन कमी पडतं. पूर्वेची गॅलरी, वर स्लॅब, समोर दुसरी बिल्डिंग, अशा जागी झाड उजेडाकडे पळतं आणि नुसतं लांबतं. दुसरं कारण युरिया किंवा नुसतं नत्राचं खत, त्याने पानं एकदम गर्द हिरवी आणि कळी शून्य.

त्या लांब फांद्या निम्म्यावर कापा आणि कुंडी उन्हात हलवा. जागा बदलता येत नसेल तर मी स्पष्टच सांगते, तिथे मोगऱ्याचा हट्ट धरू नका, कितीही छाटलं तरी कळी उन्हाशिवाय येत नाही.

कात्री नेमकी कुठे लावायची? तिरका कट मारतात म्हणे.

तिरका कट गुलाबासारख्या झाडांना, ज्यांना पेरावर एकेकच डोळा असतो. डोळ्याच्या पाव इंच वर, उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही. डोळा झाडाच्या बाहेरच्या बाजूला तोंड करून असलेला निवडायचा, मग फांदी बाहेर वाढते आणि मध्ये हवा खेळती राहते.

मोगऱ्याला मात्र पानं समोरासमोर जोडीने येतात, कधीकधी तीन-तीन. दोन्ही बाजूंना डोळे असताना तिरका कापलात तर एक डोळा कटच्या फार जवळ येतो आणि वाळतो. त्याला सरळ आडवा कट, जोडीच्या जरासा वर. अनंत आणि पेट्रियाचंही तसंच, जोडी किंवा तिहेरी पानं, आडवा कट.

आणि खुंट्या ठेवू नका. डोळ्याच्या वर दोन इंच काडी ठेवली की ती वाळते, काळी पडते आणि ती मर खाली उतरत जाते.

आईने लावलेला खूप जुना मोगरा आहे, बुंधा लाकडासारखा झालाय, फुलं फक्त वर टोकाला. काढून टाकू?

अजिबात काढू नका. जुना मोगरा मुळाने जबरदस्त असतो. जानेवारीत सगळ्यात जुने, जाड, साल फाटलेले असे एक तृतीयांश बुंधे जमिनीपासून चार बोटांवर आरीने कापा, बाकीचे निम्म्यावर. खालून नवीन सोट येतील. पुढच्या वर्षी जुन्यातले आणखी एक तृतीयांश, त्याच्या पुढच्या वर्षी उरलेले. तीन वर्षांत अख्खं झाड नवीन लाकडावर येतं आणि मधल्या काळातही फुलं मिळत राहतात. एकदम सगळं जमिनीलगत कापलं तरी बऱ्याचदा फुटतं, पण आईच्या हातचं झाड आहे तर तो धोका कशाला घ्यायचा. आणि त्यातल्या काड्यांची दोन-चार कलमंही लावून ठेवा, म्हणजे मनाला शांतता.

पेट्रियाला मागच्या वर्षी निळ्या तुऱ्यांनी कमान भरली होती, यंदा काहीच नाही. आम्ही ऑक्टोबरमध्ये नीट छाटला होता.

तिथेच तर झालं. पेट्रिया फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो ते पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांवर. ऑक्टोबरात तुम्ही त्याच फांद्या कापल्या. आता यंदा हात लावू नका, नुसती वाळकी काडी काढा. पुढचा बहर येऊन गेला की मार्च-एप्रिलात फुललेल्या फांद्या एक तृतीयांशाने कमी करा आणि कमानीबाहेर पळालेल्या मुळाशी काढा.

बहर कधी संपला हे पेट्रियात जरा फसवं असतं. गर्द जांभळं खरं फूल दोन-चार दिवसांत गळतं, मागे राहतो तो फिक्या निळ्या, पाच पाकळ्यांसारखा दिसणारा निदलपुंज, म्हणजे फुलाबाहेरचं आवरण, तो कितीतरी दिवस तसाच राहतो आणि लांबून झाड फुललेलंच वाटतं. तुरे राखाडी पडून हाताला कागदासारखे लागायला लागले की कात्री घ्या. आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पानं पॉलिशपेपरसारखी खरखरीत असतात, हात ओरबाडतात.

माधवीलता आणि मधुमालती एकच ना?

नाही, आणि इथे गोंधळ झाला की छाटणी हमखास चुकते. मधुमालतीची लांब नळीची फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात आणि मग गुलाबी, लाल होत जातात, झुपके खाली लोंबतात. ती नवीन फुटीवर फुलते, थंडीच्या शेवटी निर्धास्त कापा, कितीही कापली तरी परत येते.

माधवीलता आपल्या सह्याद्रीतली, दांडगी वेल. फुलं पांढरी, झालरीच्या पाकळ्या आणि पाचातली एक पाकळी पिवळी, नंतर तीन पंखांची फळं वाऱ्यावर गरगरत जातात. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये जुन्या फांद्यांवर फुलते. बहर झाला की लगेच छाटा, आणि जोरात छाटा, कारण जमिनीत लावलेली माधवीलता शेजारच्या आंब्यावर चढून त्याला झाकून टाकते. मॉरिशस आणि रियुनियन बेटांवर बाहेरून नेलेली ही वेल तिथल्या जंगलाला उपद्रव झालीये इतकी तिची ताकद आहे. छोट्या बंगल्याच्या बागेत लावत असाल तर दरवर्षी छाटायची तयारी ठेवूनच लावा.

बोगनवेलीला पानंच पानं. काय करू?

पाणी कमी करा. खरंच, बोगनवेलीला आपण मायेने मारतो. रोज पाणी आणि महिन्याला खत मिळालं की ती पानं काढत बसते.

मोठी छाटणी पावसाळा सरल्यावर, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. लांब पाणसोट, म्हणजे त्या जाडजूड, सरळसोट, भराभर वाढलेल्या काटेरी फांद्या, मुळाशी किंवा दोन-तीन डोळ्यांवर कापा, बाकी फांद्या निम्म्या. नवीन फूट हाताएवढी झाली की शेंडे खुडा म्हणजे बाजूच्या फुटी येतात. मग थंडी पडल्यावर माती वरची दोन बोटं कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. जानेवारीपासून मेपर्यंत रंग आलटून पालटून येतच राहतो, प्रत्येक लाट ओसरली की टोकं वीतभर कापायची, बस. ते रंगीत असतं ते फूल नसून फुलाभोवतीचं पान आहे, खरं फूल आतलं पांढरं बारीक, त्यामुळे रंग उतरून ती पानं कागदासारखी वाळली की काढायला हरकत नाही.

हातमोजे चामड्याचे. कापडी मोज्यातून काटा आरपार जातो.

यस्टरडे टुडे टुमारो?

बहर संपल्यावर, हलकी, आकार ठेवण्यापुरती. मुळातच सावकाश वाढतं, एक चतुर्थांशापेक्षा जास्त घेऊ नका. घरात कुत्रा असेल तर फळं धरली की आधी काढून टाका, बिया कुत्र्यांना विषारी असतात.

अनंताच्या कळ्या गळतात, छाटून फरक पडेल?

छाटणीने नाही. अनंत नाजूक स्वभावाचा आहे, कळी धरल्यावर मातीत एक दिवस ठणठणीत कोरडं आणि दुसऱ्या दिवशी चिखल असं झालं की कळ्या टाकतो. कुंडी कळी असताना इकडून तिकडे हलवली तरी टाकतो. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर लोह मिळत नाहीये, चुनखडीच्या काळ्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे हमखास होतं. तिथे लाल माती, पानांचं खत, शक्य तर पावसाचं पाणी, आणि चिलेटेड आयर्न पाकिटावर लिहिलेल्या मापात. राख अनंताला घालू नका.

छाटणी मुख्य बहर ओसरल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप बघून. फुललेल्या काड्या दोन पानजोड्यांनी कमी करायच्या. दिवाळीच्या साफसफाईत अनंताला हात लावायचा नाही, पुढच्या कळ्यांची टोकं जातात.

चाफ्याची फांदी कापली तर परत फुलतो का?

देवचाफ्याबद्दल विचारताय ना, पानं गळून बोडका होणारा. त्याचं फूल फांदीच्या अगदी टोकालाच येतं. टोक कापलं की त्या फांदीला त्या वर्षी बहुतेक फूल नाही, पण तिथून दोन-तीन फांद्या फुटतात आणि पुढच्या वर्षी तितकी टोकं. म्हणून सगळ्या फांद्या एकाच वर्षी कापू नका. पानं गळलेली असताना, जानेवारी-फेब्रुवारीत, कोरड्या हवेत कापा. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. कापलेला तुकडा आठवडाभर सावलीत वाळवून मग लावा, ओला लावला तर बुडाशी कुजतो.

सोनचाफा वेगळा, त्याला उंची कमी करण्यापुरतंच छाटायचं, तेही बहरानंतर थोडं थोडं.

आमचा माळी मोठी कात्री घेऊन सगळं गोल गोल करून जातो. छान दिसतं, पण फुलं कमी आलीत.

ती कुंपणाची कात्री आहे, मेंदी-दुरांटासाठी. तिने वरचा कवच नुसता भादरला जातो, बाहेरच्या बाजूला दाट पानांची भिंत होते, आत ऊन जात नाही, आतल्या काड्या मरतात, आणि फुलांची टोकं दर महिन्याला उडतात. माळ्याचा दोष नाही हो, त्याला महिन्याला इतक्या बागा उरकायच्या असतात आणि सांगणारं कोणी नसतं. तुम्ही त्याच्यासोबत अर्धा तास उभं राहा आणि ज्या झाडांना हात लावायचा नाही त्यांना लाल चिंधी बांधून ठेवा. फुलझाडाला सिकेटरनेच, म्हणजे एका हातात मावणाऱ्या छाटणीच्या कात्रीने, एकेक फांदी बघून, काही मुळाशी, काही निम्म्यावर, काही तशीच.

कोणतं सिकेटर घेऊ?

दोन पाती एकमेकींना घासून जातात ते, साध्या कात्रीसारखं. एक पातं सपाट पट्टीवर येऊन बसतं ते ओली काडी चिरडतं, ते वाळक्या फांद्यांना ठीक. अंगठ्याएवढी जाड फांदी आली की सिकेटरला जोर लावू नका, घडीची आरी घ्या. वापरायच्या आधी आणि एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना पाती स्पिरीटच्या बोळ्याने पुसा, विशेषतः एखाद्या झाडाला मर लागलेली असेल तर. काम झालं की चीक पुसून एक थेंब तेल.

कापलेल्या जागी हळद, शेण, काय लावायचं?

पेन्सिलीएवढ्या काडीला काहीच नको, कोरड्या दिवसात ती स्वतःच भरते. अंगठ्यापेक्षा जाड कटला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप. घरगुती माप: मोरचूद १०० ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात, कळीचा चुना १०० ग्रॅम वेगळ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यात, मग एकत्र करून ढवळा. लोखंडाचा खिळा त्यात मिनिटभर धरून बघा, तांबूस थर चढला तर चुना अजून थोडा घाला. त्याच दिवशी वापरा, उरलेलं ठेवून उपयोग नाही. मोरचूद विषारी आहे, मुलांपासून लांब.

छाटल्यावर खत किती?

बारा इंची कुंडीला दोन मुठी जुनं शेणखत किंवा गांडूळखत, अर्धी मूठ निंबोळी पेंड. जमिनीतल्या मोठ्या झुडपाला एक पाटी शेणखत. आळ्याच्या कडेने द्या, बुंध्याला चिकटवून नको. शेणखत कच्चं असेल, उग्र वास येत असेल तर थांबा, त्यात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. दोन-तीन वर्षं तीच कुंडी असेल तर छाटणीच्या वेळीच झाड काढून मुळांचा बाहेरचा गोल वेटोळा कापा आणि नवीन माती भरा, वरून छाटलेलं असल्याने झाड ते सहन करतं.

विदर्भात राहतो, इथे एप्रिलमध्येच भाजून निघतं. बहरानंतर छाटायचं म्हणजे भर उन्हात?

बरोबर प्रश्न आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पेट्रिया किंवा माधवीलता जोरात छाटली तर आतली सावलीतली साल एकदम उन्हात येते आणि करपते. तिकडे एप्रिलात नुसते वाळलेले तुरे काढा, खरी छाटणी मृगाचा पाऊस नीट बसल्यावर, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात. त्यापेक्षा उशीर नको.

कोकणात उलटं, तिथे पावसात ताजे कट कुजतात, म्हणून मे मध्यापर्यंत उरकून घ्या. पुणे-नाशिकला मार्च-एप्रिल निवांत चालतो.

फांदीत पक्ष्याचं घरटं सापडलं.

मग तेवढी बाजू सोडा. बुलबुल बोगनवेलीत, शिंपी पानं शिवून, शिंजीर लोंबत्या काडीला, हे सगळे याच दिवसांत घरटी करतात. अंडी घालण्यापासून पिल्लं उडून जाण्यापर्यंत साधारण महिन्याभराचं काम असतं, छाटणी थांबू शकते. सुरू करण्याआधीच झाडाभोवती एक चक्कर मारून आत डोकावून बघायची सवय लावून घ्या.

कापलेल्या काड्यांची कलमं होतील का?

होतात. पेन्सिलीएवढी, तीन-चार डोळ्यांची काडी, खालचा कट डोळ्याच्या लगेच खाली, दोन डोळे मातीत. मोगरा जून-जुलैत पटकन मुळं धरतो, जानेवारीच्या थंडीत रेंगाळतो, तरी लावून बघायला काय जातंय, सावलीत ठेवा आणि ओल टिकवा. बाकी काड्या बारीक तुकडे करून कंपोस्टला किंवा कुंडीवर आच्छादन म्हणून.

कण्हेर मात्र कंपोस्टला, गुरांना, चुलीला, शेकोटीला कुठेच नको. पान, काडी, चीक सगळं विषारी आहे आणि धूरही. मोजे घालून गोळा करा, वेगळ्या पिशवीत बांधून कचऱ्यात द्या.

गुलाब पण आत्ताच छाटू का?

गुलाबाची मोठी छाटणी पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरमध्ये. वसंतात फक्त फुललेली दांडी खाली पाच छोट्या पानांचं मिळून झालेल्या पानापर्यंत कापत राहा. कलमाच्या गाठीखालून जी रानटी फूट येते ती कधीही दिसली की लगेच काढायची.

आम्ही न्यू जर्सीत असतो, इथे फोर्सिथिया आणि लायलॅक आहे. तोच नियम का?

तोच, फक्त तिथे दुसऱ्या गटातली झाडं जास्त. फोर्सिथिया, लायलॅक, अझेलिया ही पुढच्या वसंताच्या कळ्या उन्हाळ्यातच तयार करून थंडीभर तशाच बाळगतात. फॉलमध्ये बाग आवरताना कापली की कळ्या गेल्या. फुलं संपल्यावर दोन-तीन आठवड्यांत छाटा, आणि दरवर्षी सगळ्यात जुन्या बुंध्यांपैकी एक तृतीयांश जमिनीलगत काढा. हायड्रेंजियात मात्र बघून: मोठ्या पानांचा निळा-गुलाबी गोंड्याचा जुन्या काडीवर फुलतो, शंकूसारख्या तुऱ्याचा पॅनिक्युलाटा नवीन काडीवर, त्याला हिवाळ्याच्या शेवटी कापतात. इंग्लंडमध्येही हेच. ऑस्ट्रेलियात वसंत सप्टेंबरला, महिने तसे पुढे ढकला.

सोसायटीच्या आवारात छाटायला महापालिकेची परवानगी लागते का?

मोगरा-बोगनवेलीसारख्या झुडपांना कोणी विचारत नाही. झाडांसाठी मात्र महाराष्ट्रात १९७५ चा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, त्यामुळे मोठा सोनचाफा, बहावा, आंबा यांच्या फांद्या उतरवायच्या असतील तर आधी उद्यान विभागाकडे अर्ज करा. परवानगी यायला वेळ लागतो, पावसाआधी काम हवं असेल तर फेब्रुवारीतच अर्ज टाका आणि पोचपावती सोसायटीच्या फाईलला लावा.